हसत हसत केलेली सही

बराऊचं घोरणं दोका वेशीपाशी सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारचा शिंपी म्हणायचा, आपल्या गल्लीत चोर येत नाहीत, कारण त्यांना वाटतं आत कुणीतरी अजून जागा राहून लाकूड कापतोय. बराऊ हसून सोडून द्यायचा. सत्तावन्न वर्षांचा गडी, ठेंगणा, आणि मान इतकी आखूड की डोकं थेट खांद्यांवर ठेवल्यासारखं दिसायचं. झारिया शहराच्या जुन्या कोटातल्या सगळ्या न्हाव्यांचा तो म्होरक्या. ‘सरकिन अस्का’, म्हणजे वस्तऱ्यांचा राजा, हा मान त्याला बापाकडून आला होता आणि बापाला आजाकडून.

आमच्याकडे न्हावी म्हणजे नुसता दाढी करणारा नव्हे. मूल सात दिवसांचं झालं, नाव ठेवायचा दिवस उजाडला, की मेंढा कापायच्या आधी न्हावी यावा लागतो. तो बाळाचं जावळ काढतो आणि बाप म्हणाला तर पडजीभही काढतो. पडजीभ राहिली तर पोर पुढे खोकून खोकून जातं, असं आमची जुनी माणसं मानतात. खरं-खोटं अल्लाला माहीत. बराऊने चाळीस वर्षांत किती पडजिभा काढल्या याचा हिशेब नाही. निम्म्या गावाचे घसे त्याच्या हाताखालून गेले होते आणि त्याला त्याचा मोठा ताठा होता.

तो ताठा एका सकाळी उतरला. मसाल्याच्या व्यापाऱ्याच्या घरी बारसं होतं. अंगणात पाहुणे, त्यांना चघळायला कोला फळांच्या पराती, मांडीवर बाळ. बराऊने निम्मं डोकं उतरवलं आणि तिथेच, बसल्या जागी, वस्तरा बाळाच्या टाळूवर टेकवलेला असताना त्याला झोप लागली. डुलकी नव्हे, झोप. तो घोरलासुद्धा. बाळाच्या आजीने झडप घालून त्याचं मनगट धरलं म्हणून निभावलं. बाळाला ओरखडाही आला नाही, पण आजीने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर त्याच्या काळजात रुतली. घरी येऊन त्याने हत्यारांची चामडी पिशवी खुंटीला अडकवली आणि बायकोला म्हणाला, “तलातू, मी वस्तरा हातात धरणार नाही आता. माझ्या हातून खून व्हायचा.”

तलातू त्याची बायको. बोलायला फटकळ. दुसऱ्या दिवशी त्याला गाडीत घालून मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेली.

तिथे नाक-कान-घशाच्या डॉक्टर होत्या रुकय्या वुदिल. चाळिशीच्या आतबाहेर, चष्मा, डोक्यावरून घट्ट ओढणी. बराऊने उभ्या उभ्याच विचारलं, “वुदिल? ते तर कानोजवळचं गाव. कानोकडची की काय तू?”

“कानोचीच.”

बराऊचा चेहरा असा खुलला की तलातूला वाटलं, आजार इथेच पळाला. झारिया आणि कानो या दोन शहरांचं थट्टेचं नातं आहे, वाडवडलांपासूनचं. समोरासमोर आले की दोघांनी एकमेकांना गुलाम म्हणायचं, शिव्या द्यायच्या, मरणाच्या, मेल्यावर कोणाचं काय न्यायचं याच्या गोष्टी करायच्या. आणि कोणी रागवायचं नाही. जो रागावला तो हरला.

“मग उठ खुर्चीवरून,” बराऊ म्हणाला. “मालक उभा आणि गुलाम बसलेला, हे काय?”

“मालक बसलाय की,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “गुलामाला विचारा काय दुखतंय.”

“झोप येते.”

“झारियाच्या माणसाला झोप येते? बाबा, हा आजार नाही, हा तुमच्या गावाचा धंदा आहे.”

तलातू पदरात तोंड खुपसून हसली. अशी सुरुवात झाली.

बोटाला चिमटा लावून, छातीला पट्टा बांधून त्याची झोप तपासली गेली. तासाला चाळीस वेळा त्याचा श्वास बंद पडत होता. घसा झोपेत मिटायचा, रक्तातला प्राणवायू उतरायचा, मेंदू दचकून जागा व्हायचा, पुन्हा तेच. रात्रभर झोपून माणूस सकाळी दमलेला का, याचं उत्तर ते होतं. आधी नाकावर मुखवटा बसवून हवा ढकलणारं यंत्र दिलं. पण आमच्याकडे वीज पाहुण्यासारखी येते, बसेल की निघेल सांगता येत नाही. जनरेटर लावला तर शेजारी म्हणाले, यापेक्षा घोरणं बरं. तीन महिने नाकी नऊ आल्यावर डॉक्टरीणबाईंनी शस्त्रक्रियेचा विषय काढला. गाठींसारखे वाढलेले टॉन्सिल काढायचे आणि टाळूचा मागचा मऊ पडदा ताणून, शिवून, वाट रुंद करायची.

घशात बत्ती टाकून त्यांनी विचारलं, “पडजीभ कोणी काढली?”

“बापाने. सातव्या दिवशी. हात बघ कसा साफ आहे.”

“साफ कसला? व्रणाने पडदा एका बाजूला ओढलाय. माझीही लहानपणी काढलीय.”

“कानोच्या न्हाव्याने? मग अर्धीच काढली असेल. उरलेली अर्धी विकली असेल बाजारात.”

सहीचा कागद समोर आला तेव्हाही हेच चालू होतं. डॉक्टरीणबाई एकेक धोका सांगत होत्या आणि बराऊ एकेकाला टोला लगावत होता. गुंगी दिल्यावर घशातून नळी घालायची असते. तुमची मान आखूड, जीभ जाड, नळी गेली नाही तर गळ्याला बाहेरून भोक पाडावं लागेल. “पाडा की, कानोवाल्यांना गळे कापायची सवयच आहे.” रक्त येऊ शकतं, पहिल्या दिवशी आणि परत सात-दहा दिवसांनी खपली सुटताना. “रक्त कसलं येतंय, तुमच्या लोकांनी कधीच शोषून घेतलंय.” पाणी नाकातून येईल, आवाज बदलेल, सूज येऊन श्वास अडकेल, जीवही जाऊ शकतो. “आणि माझा नवा झगा तू नेशील, हेच ना? सरळ सांग की झगा पाहिजे.” एवढं सगळं सोसून झोप सुधारेलच याची खात्री नाही. “कानोच्या मालाची खात्री कुणी मागितलीय?”

आणि त्याने हसत हसत सही ठोकली. तलातू हसत होती, परिचारिका हसत होती, डॉक्टरीणबाईही हसत बाहेर पडल्या. दारापाशी त्या थबकल्या. मग परत आल्या.

“बाबा, मी काय काय सांगितलं ते सांगा बरं.”

“सांगितलंस की मी मरणार. माझ्या बापालाही कानोवाले हेच सांगायचे. तो ब्याऐंशीचा होऊन मेला.”

“आणि रक्ताचं?”

“तेच, नेहमीचं.”

डॉक्टरीणबाईंचं हसू गेलं. त्यांच्या ध्यानात आलं की या माणसाने ऐकलं सगळं आणि ऐकलं काहीच नाही. कानोच्या बाईने झारियाच्या माणसाला ‘तू मरशील’ म्हणणं, म्हणजे आमच्याकडे ‘जेवलात का’ म्हणण्यासारखं. त्या खुर्ची ओढून त्याच्या अगदी समोर बसल्या.

“तुमच्या हातून किती पोरं गेली?”

बराऊला आधी वाटलं, हीही थट्टाच. मग बाईच्या डोळ्यांत पाहिलं, आणि त्याच्या कानशिलातून गरम वाफ निघाल्यासारखं झालं.

“काय म्हणालीस?”

“पडजीभ काढताना. चाळीस वर्षांत. किती गेली?”

“डॉक्टरीणबाई, असं विचारतात का कुणी?” तलातू म्हणाली.

बराऊ उठून उभा राहिला. “तू कोण गं विचारणारी? हा न्हाव्यांचा राजा आहे तुझ्यासमोर! इथल्या गादीवरच्या अमीराच्या नातवंडांना हात लावलाय मी. चार बुकं शिकून आलीस म्हणून माझी इज्जत काढतेस? चल तलातू, या बाईच्या हातचं पाणीसुद्धा नको मला!”

“राग आला?”

“आला!”

“बरं झालं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आता थट्टा संपली. बाबा, मी मुद्दाम केलं. तुम्हाला राग आल्याशिवाय माझं बोलणं तुमच्या कानात शिरणार नव्हतं. आता मी कानोची नाही, तुम्ही झारियाचे नाही. बसा.” आणि सही केलेला कागद त्यांनी त्याच्यासमोर टराटरा फाडला.

बराऊ बसला. का बसला, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. त्यांनी तेच सगळं पुन्हा सांगितलं, सावकाश, हातवारे न करता. या वेळी त्याला ते ऐकू आलं. गळ्याला भोक पडेल म्हणजे त्याच्या गळ्याला. सुजलेल्या घशात अडकेल तो त्याचा श्वास. दुखलं म्हणून कुणी झोपेची गोळी किंवा बाजारातली गुंगीची गोळी दिली, तर तो झोपेतून उठणारच नाही. चाळीस वर्षं दुसऱ्याच्या घशात सुरी घालणाऱ्या माणसाला आपल्याही आत एक घसा आहे, तो कापला की त्यातूनही रक्त येतं, हे पहिल्यांदा कळलं. पाचावर धारण बसली म्हणा ना.

आणि तो म्हणाला, “तीन.”

“काय तीन?”

“पोरं. साबिऊ, ललाई आणि याऊ. नाव ठेवलं त्याच दिवशी गेली, म्हणून नावं लक्षात आहेत. कुणी विचारलं नव्हतं आजवर.”

मग बराऊने त्याचे प्रश्न काढले, आणि ते कारागिराचे प्रश्न होते. आडवा झोपलेलो असताना रक्त जाईल कुठे? उजेड कोण धरणार? टाका सुटला तर बोट पोचतं का तिथवर? तुझ्या हातून किती गेले?

“या शस्त्रक्रियेत कुणी गेलं नाही,” त्या म्हणाल्या. “एकेचाळीस जणांची केलीय. चौघांना रक्त आलं, दोघांना परत टेबलावर घ्यावं लागलं. एकाच्या गळ्याला भोक पाडलं, तो आज ट्रक चालवतो. एकाच्या नाकातून दोन महिने चहा यायचा. पण एकेचाळीस म्हणजे काही फार मोठा आकडा नाही, बाबा. बेचाळिसावा तुम्ही असाल आणि तुमचं काय होईल ते मला माहीत नाही.”

बराऊने दोन दिवस मागितले.

घरी तो ओट्यावर बसून राहिला. जेवण पुढ्यात निवलं. शेवटी तो म्हणाला, “नको करायला. घोरतोय तर घोरतोय. मेलं कुणी घोरून?”

तलातू भांडी घासत होती, ती थांबली. “तुम्ही मरता,” ती म्हणाली. “रोज मरता. तुम्हाला काय माहीत, तुम्ही झोपलेले असता. मी पडल्या पडल्या मोजते. एक, दोन, तीन. तीसला कोपर मारते. मागच्या रमजानात एकदा एकावन्नापर्यंत गेले आणि माझा हात उचलेना भीतीने. वीस वर्षं मी मोजतेय हो. त्या बाईला निदान आकडे तरी माहीत आहेत. मला तर हेही माहीत नसतं की पुढचा श्वास आहे का नाही.”

बराऊला आत्ता कळलं. वीस वर्षं ही बाई झोपलीच नाही, आणि सकाळी उठून आपल्याला पेज वाढतेय. त्याला भयंकर लाज वाटली. दुसऱ्या दिवशी त्याने नव्या कागदावर सही केली. या खेपेला सहीआधी एकेक धोका स्वतःच्या तोंडाने म्हणून दाखवला, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “ही खरी सही.”

बुधवारी सकाळी त्याला आत नेलं. दंडाला चामड्याचा ताईत होता, अंगावर लोखंड चालू नये म्हणून तरुणपणी बांधलेला. तो त्याने स्वतःच सोडून तलातूच्या हातात दिला. “ठेव. नाहीतर बाईची सुरी चालायची नाही आणि म्हणेल झारियाची कातडी जाड.” डॉक्टरीणबाईंनी शाईच्या पेनाने त्याच्या गळ्याच्या खोबणीत एक आडवी रेघ मारली. नळी गेली नाही तर इथे कापायचं, आधीच खूण असलेली बरी. ती गार रेघ, एवढंच त्याला शेवटचं आठवतं.

जाग आली तेव्हा तो अर्धवट बसवलेला होता. घसा म्हणजे नुसता निखारा. बोलता येईना. त्याने हात वर नेला, चाचपत गळ्यापाशी आणला आणि थांबला. पट्टी नव्हती. भोक नव्हतं. कातडी सलग होती. परिचारिकेने त्याचा चाललेला हात पाहून आरसा धरला: रेघ तशीच, कोरी, न वापरलेली. नळी तिसऱ्या प्रयत्नात गेली होती. बराऊचा जीव भांड्यात पडला. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि ते पुसायचंही त्याला सुचलं नाही. दाराशी उभी असलेली तलातू त्याच्या छातीकडे बघत होती. छाती वर जात होती, खाली येत होती, वर जात होती. ती मोजत नव्हती, नुसती बघत होती.

मग डॉक्टरीणबाईंचे सुगीचे दिवस आले. बराऊला आठवडाभर बोलायची मनाई, आणि त्या रोज दोनदा येऊन कॉटच्या पायथ्याशी उभ्या राहायच्या. “काय म्हणता? झारियाचे लोक आज एकदम शहाणे झालेत? एक शब्द नाही? अहो तलातूबाई, कानोत कळवा, आम्ही झारिया जिंकलं.” बराऊ मुठी दाखवायचा, डोळे वटारायचा. थट्टा परत सुरू झाली याचा त्याला किती आनंद झाला, ते त्याला दाखवता येईना. तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. गार पेज, उशांवर टेकून झोप, गुंगीच्या गोळ्या घरात आणायच्या नाहीत. आणि चमचाभर जरी रक्त आलं तरी निघायचं, वाट बघायची नाही.

ते आठव्या दिवशी आलं. सकाळची नमाज झाली, बराऊने चूळ भरली, आणि थुंकी लाल पडली. मग परत. तिसऱ्यांदा थुंकला तेव्हा गुठळी होती, द्राक्षाएवढी.

घरभर धावपळ. आता गंमत अशी की त्या वाड्यात चार न्हावी. धाकटा भाऊ गांबो, दोन पुतणे आणि तो स्वतः. रक्त थांबवणं हा तर घरचा धंदा. गांबो बाभळीच्या शेंगांची पूड घेऊन आला, वाटीत कालवूनसुद्धा झाली. “दादा, आ कर. चिमूटभर लावतो, जागच्या जागी थांबतंय की नाही बघ.” बराऊने मान हलवली. “अरे दादा, घरात चार न्हावी असताना सरकिन अस्का रक्त थांबवायला हॉस्पिटलात गेला, असं बाजारात कळलं तर तोंड कुठे दाखवायचं आम्ही? बस जरा. थांबेल.”

बस जरा, थांबेल. हे शब्द बराऊचे स्वतःचे होते. याऊच्या आईला त्याने हेच सांगितलं होतं. ती म्हणाली होती, “बाबा, पोर सारखं काहीतरी गिळतंय.” आणि त्याने पाहिलं होतं, ओठांवर रक्त नाही, म्हणून तो म्हणाला होता, बस जरा, थांबेल. पोर दुपारपर्यंत गिळत राहिलं होतं. आपलंच रक्त.

आणि आता त्याच्या ध्यानात आलं की बोलायला तोंड उघडण्याआधी आपणही गिळतोय. एकदा. परत एकदा.

त्याने गांबोच्या हातातली वाटी उडवली. पूड सगळ्या अंगणात पसरली. आठ दिवसांत पहिला शब्द बोलला, आणि तो फाटक्या पडघमासारखा निघाला. “गाडी.”

तिचाकी रिक्षातून निघाले. तलातूने त्याला पुढे वाकवून धरलं आणि हनुवटीखाली तसराळं ठेवलं. “गिळू नका, थुंका,” ती प्रत्येक खड्ड्याला सांगत होती. गांबो रिक्षावाल्याच्या शेजारी लटकून रस्त्यावरच्या सगळ्या बकऱ्यांना, हातगाड्यांना, मुल्लांना शिव्या घालत चालला होता. आयुष्यात पहिल्यांदा बराऊने रक्त मोजलं नाही, त्याला नाव दिलं नाही, उपाय सुचवला नाही. नुसता थुंकत राहिला आणि अल्लाला म्हणाला, मला पोचव, एवढं बघ.

पोचले. डॉक्टरीणबाई बाह्या सरसावूनच उभ्या. घसा बधिर केला, रक्त ओढून घेतलं, आत बत्ती टाकून बघितलं. डाव्या बाजूची खपली वेळेआधी सुटली होती आणि तिच्याखाली एक बारीक शीर उघडी होती. त्या जागेला चटका दिला. दहा मिनिटं थांबून परत बत्ती टाकली.

“थांबलं,” त्या म्हणाल्या. “सांगितलं होतं ना, होईल म्हणून?”

बराऊने मान हलवली. सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं.

“घरी काही लावलं होतं का?”

गांबो पायाच्या अंगठ्याकडे बघू लागला. “लावणार होतो,” तो म्हणाला. “दादाने वाटी उडवली.”

“बरं केलं. ती पूड श्वासनळीत गेली असती.” मग त्या बराऊकडे वळून म्हणाल्या, “आज रात्र इथेच. आणि आता तुम्हाला काही होत नाही.” त्या आवाजात थट्टा नव्हती. बराऊने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि डोळे मिटले. इतकं हलकं त्याला लहानपणापासून वाटलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी दाखवायला गेला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्याच्यासमोर पातळ पेजेचा पेला ठेवला. “प्या.” बराऊच्या टाळूला आधीचा व्रण होता, तेव्हा पेज नाकातून येते की काय, ही धास्ती त्यांना पहिल्यापासून होती. बराऊने घोट घेतला. अचानक नाक दाबून धरलं, डोळे विस्फारले, खांदे गदागदा हलवले. डॉक्टरीणबाई ताडकन उठल्या, खुर्ची मागे पडली.

बराऊने नाक सोडलं. कोरडं ठणठणीत. “किती घाबरता गं तुम्ही कानोवाले,” तो म्हणाला. आवाज पहिल्यापेक्षा थोडा चिरका होता, एवढाच काय तो बदल.

त्यांनी आधी हातातली फाइल त्याच्या डोक्यात घातली आणि मग भिंतीला टेकून हसल्या, चष्मा काढून डोळे पुसण्याइतकं हसल्या. झोप पुन्हा तपासली होती. तासाला चाळीसच्या जागी नऊ. शून्य नाही. “शून्य कानोत होतं,” त्या म्हणाल्या. “झारियात नऊवर भागवा.”

बराऊने पिशवी खुंटीवरून काढली. पहिलं बोलावणं आलं ते एका तरुण शिक्षकाकडून, पहिलंच पोर. बराऊ जावळ काढायला बसला आणि डोळा टक्क उघडा ठेवून शेवटच्या केसापर्यंत वस्तरा फिरवला. आज्या वाकून वाकून बघत होत्या; बघू दे, तो मनात म्हणाला. बाळ हसल्यासारखं करून झोपून गेलं. बापाने समाधानाने मान डोलावली.

“आता पडजीभही काढून टाका, सरकिन अस्का.”

बराऊने वस्तरा पुसला आणि खाली ठेवला. “आधी ऐक,” तो म्हणाला. “रक्त येऊ शकतं. तान्ह्या पोराचं दिसत नाही, ते गिळतं. माझ्या हातून तीन पोरं गेलीत.”

बाप हसला. पाहुणेही हसले, सरकिन अस्का आजारातून उठलाय, गंमत करतोय.

“साबिऊ, ललाई, याऊ,” बराऊ म्हणाला. “याऊचा बाप इथेच, माशांच्या बाजारात बसतो. जाऊन विचार.”

अंगणातलं हसू विरलं. बाप आजीकडे बघू लागला. चाळीस वर्षांत या अंगणांमध्ये बापांनी विचारलं होतं, आज्यांनी ठरवलं होतं, न्हाव्याने कापलं होतं. तेवढ्यात आतल्या खोलीच्या पडद्यामागून, जिला आजवर कुणीच काही विचारलं नव्हतं, तिचा आवाज आला.

“माझं लेकरू आत द्या.”

बराऊने स्वतः उचलून दिलं.